कार्डाला हळद

मार्च संपता संपता येतात सगळे.
सांगलीत मार्केट यार्डाच्या अंगाला राहणारी कॉम्प्युटरं
तेव्हाच का गुदमरतात, हे आता मला
झाकण न काढताही कळतं.

तरी काढते.
चार स्क्रू, काचेची बाजू अलगद भिंतीला टेकवते,
आणि आत तिन्ही पंख्यांच्या पात्यांवर,
तांब्याच्या नळ्यांमधल्या फटीफटीत
पिवळंधमक.
"सन्मती, कार्डाला हळद लागली रे," म्हणते मी,
"मुहूर्त कधीचा?"

तो हसत नाही.
मगदुमांचा पोरगा, एकोणीसचा.
दोन वर्षं मोबाईलच्या दुकानात काचा चिकटवून
त्यानं हे कार्ड घेतलंय, जुनं, पुण्याच्या कुणाकडून,
बिटकॉइनच्या घाण्याला जुंपून दमलेलं.
"अल्ट्रावर लावलं की अकरा मिनिटांत बंद पडतंय ओ ताई.
पाऊस सुरू झाला की हमखास."

पाऊस म्हणजे गेममधला.

ब्लोअर मारते. दुकानात
भंडारा उधळल्यासारखं होतं, दोघं शिंकतो.
जुनी पेस्ट सुकून खडू झालेली, ती खरवडते;
नवी लावते, वाटाण्याएवढी.
"अजून थोडी लावा की."
जास्त लावली म्हणून जास्त गार, असं नसतं बाबा.
पी हळद हो गोरी, असं कशातच नसतं.

मग लावतो आम्ही तो पाऊस.

कुठल्याशा परक्या शहरातली रात्र.
दुकानांच्या पाट्या ओल्या रस्त्यात उलट्या उतरलेल्या,
डबक्यात एक लाल अक्षर हलतंय,
टॅक्सी गेली की मोडतं,
पुन्हा जुळतं.
मागून चौघे बंदुका घेऊन धावत येतायत
आणि सन्मती त्याच्या माणसाला
डबक्यापाशी उभा करून ठेवतो.
"बघा की. एकेक किरण मोजतंय हे.
कुठनं निघाला, कशावर आपटला,
येताना कुणाचा रंग घेऊन आला."
गोळ्या लागतात. माणूस मरतो.
तो परत सुरू करतो. परत डबकं.

विश्रामबागेत एक कॅफे होता, तासाला पंधरा रुपये,
पोरांच्यात मी एकटी.
नदी म्हणजे निळा पत्रा,
झाड म्हणजे दोन पुठ्ठे एकमेकांत खोचलेले,
हात भिंतीतून आरपार जायचा,
आणि त्या पत्र्यात उडी मारताना एकदा
मी खरोखर श्वास धरला होता.
हे त्याला सांगत नाही.
असं बोलायला लागलं की माणूस म्हातारं दिसतं.

अडुसष्ट. सत्तर. एकाहत्तरवर आकडा थांबतो.
अकरावं मिनिट जातं.
रस्त्यावरची वीज लवते, ट्यूब मिचमिचते,
बॅटरीची पेटी टक्‌ करते,
पाऊस चालूच.
"घरी हे लावलं की आई मिक्सर लावत नाही," तो म्हणतो,
"एकटं तीनशे वॅट खातंय. आणि नवा गेम
ह्याच्याही वरचं मागतोय."
वरच्याची किंमत सांगते.
"हं," म्हणतो, आणि स्क्रू वेचायला लागतो.

निघताना खिशातून ओढणीचा तुकडा काढतो,
आईची, मोरपंखी, धुऊन धुऊन विटलेली.
"हवा आत घेतंय तिथं बांधा."
दोन पदर लावले तर दम कोंडेल,
एकच लावते, चारी कोपऱ्यांना रबर,
आणि मागे सरून बघते तर
पॉलिशच्या ड्रमशेजारी
नाकातोंडाला फडकं आवळून दिवसभर उभे असतात
तसेच हुबेहूब
देवगोंडा मगदूम.

सन्मतीच्याही लक्षात आलंय बहुतेक.
रबर उगाच दोनदा ओढून बघतो.

बिलावर माझा अंगठा उठलाय, पिवळा.
"पुढच्या मार्चला ये."
"त्याआधीच येतोय," म्हणत तो
ते धूड मोपेडवर पुढ्यात घेतो,
आणि तोंड बांधलेलं, काचेचं, जड,
यार्डाच्या रस्त्याला लागतं.