पट्ट्यांचं कापड

राजेशमने चारातले तीन माग विकले
आणि बंद गिरणीच्या कांडी खात्यात तुरुंग उभा केला.
भिंती प्लायवूडच्या, गज पाण्याच्या पायपाचे,
वर काळा रंग, त्यावर डिंकात कालवलेली काव,
म्हणजे गंज.
लांबून पोटात गोळा यायचा,
जवळून फेव्हिकॉलचा वास.

चौथ्या मागावर त्याने कैद्यांचं कापड विणलं.
पांढरा, काळा, पांढरा.
हात चादरीचा, राहवलं नाही त्याला,
काठाला एकेक मोर घातलाच.
मी तो दुमडून आतून शिवला.
बावीस सदरे, बावीस मोर,
कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे.

मल्लिनाथ हत्तरकी नऊ वर्षं आत राहून आलेला.
सल्लागार म्हणून पाटीवर नाव, दोन वेळ जेवण, पैसे नाहीत.
त्याने कापड चिमटीत धरलं.
"असले पट्टे नसतात ओ. साधं पांढरं असतंय."
राजेशम म्हणाला, पट्टे नसले तर
लोकांना कैदी कसा वाटेल माणूस?
"माझ्या अंगावर आता कुठं हैत पट्टे?
तरी वाटतोयच की."
राजेशमने पट्टे ठेवले.

मे महिना. पत्र्याखाली जीव शिजत होता.
कॅमेरा झाकीर बागवानचा, लग्नांतला,
कुणी रडायला लागलं की आपोआप जवळ जायचा,
पाठवणीची सवय.
कैदी झालेले सगळे याच गिरणीतले जुने कामगार.
तुरुंगाचा म्हणून गिरणीचाच भोंगा वाजवला
तर अर्धी रांग डबे शोधायला लागली.

आठव्या दिवशी सादूल आला नाही, त्याला उलट्या.
मल्लिनाथ म्हणाला, द्या इकडं,
आणि त्याचा सदरा घालून कोठडीत बसला.
करायचं काहीच नव्हतं,
मागे पाठ टेकून बसायचं.
दोन मिनिटांचं काम. कट.

कडक भाकरी, शेंगाचटणी, दही.
ताटं मोजली तर एक उरलं.
मी आत गेले.
"कट झालं, चला."
"हो, ऐकलं."
"मग?"
"दार," तो म्हणाला.

त्या दाराला कडी नव्हती, कुलूप नव्हतं,
माझ्याच शिलाई मशीनच्या दोऱ्याने
सुताराने ते खिळ्याला बांधलं होतं.
फुंकर घातली असती तरी उघडलं असतं.
"तिथं दार आपण उघडायचं नसतंय ओ, ताई."

मी उघडलं.
आईच्या विड्यांच्या सुपापेक्षा हलकं.
तो मान खाली घालून बाहेर आला,
वर छतच नव्हतं तरी.
झाकीर तेव्हा दही वाढून घेत होता.
हे पिक्चरमध्ये नाही.

पूर्व भागातल्या समाजाच्या हॉलमध्ये
पिक्चर एकदाच लागला.
जेलर कैद्याची बाही ओढतो तो प्रसंग,
सगळे श्वास धरून,
आणि माझी शिलाई उसवली पडद्यावर,
क्षणभर, काठाशी.
आई ओरडली, "नेमली!"
अख्खा हॉल हसला, मोर कुठंय, मोर कुठंय,
राजेशमने कपाळावर हात मारला.

मल्लिनाथ मागच्या खुर्चीवर होता, दाराजवळ.
तो हसला का, अंधारात दिसलं नाही.