शेरा

आमचे गार्डसाहेब रात्री तीनला येतात, कधी पाचला.
मालगाडीचं काय, नांदुऱ्याला उभी केली की केली.
मी ताट झाकून ठेवते आणि झोपते.
सकाळी ओट्यावर
कॅलेंडरच्या फाडलेल्या महिन्यामागे
शेरा असतो.
एकवीस वर्षं गाडीची नोंद लिहून लिहून
त्यांचा हात दुसरं काही लिहायचं विसरलाय:

'डुबुकवड्यांत केळफूल. दोन वडे फुटले.
चव वेळेवर आली. मागाहून कडू.'

केळफूल सोलायला अख्खी दुपार गेली होती माझी,
एकेका फुलातली ताठ काडी ओढून काढताना
बोटं अशी काळी पडली,
की शाळेत हेडबाईंनी विचारलं, शाई सांडली का.

भुसावळला, रेल्वे क्वार्टरच्या मागे
आठ पावलं लांब, तीन पावलं रुंद,
एवढंच माझं परस. न्हाणीचं पाणी वळवलंय तिकडे.
बामणोदहून नणंदेनं आणलेली हिरव्या वांग्यांची रोपं,
तारेला टेकून अंबाडी, कोपऱ्यात पेरू,
आणि नागमणीबाईंची मिरची,
चिमणीच्या चोचीएवढी, आभाळाकडे तोंड करून येणारी.
त्यांची बदली गुंतकलला झाली,
तिखट इथंच राहिलं.

माझ्या आईच्या हाताला माप होतं.
मी चाळणी घेऊन संध्याकाळी नुसती उभी राहते
आणि विचारते, आज कोण?
कधी शेवगा पुढे होतो. कधी कुणीच नाही,
मग गवती चहाची पात
मुगाच्या खिचडीत जाते, हळूच, चोरासारखी.

'उडदाची डाळ, चिंचेचा कोवळा पाला.
दात आंबले. पुन्हा करण्यास हरकत नाही.'

'अंबाडीच्या लाल बोंडांची चटणी.
पाणी तीन तांबे.'

'खिचडीला सर्दीच्या काढ्याचा वास.
चौकशी व्हावी.'

मार्गशीर्षात कुमुद आली, नणंद.
परसात तुरीच्या काड्या पेटवल्या,
वांग्यांची सालं तडतडू लागली,
आणि त्याच जाळात मी सारले दोन कच्चट पेरू.
ती उठलीच. 'तुले काय येड लागलं का वो?
भरितात पेरू? बामणोदले कळलं तं
माहेरी येणं बंद होईन माझं.'
मी बडगीत ठेचत राहिले,
हिरवी मिरची, लसूण, धुरकट वांगं, धुरकट पेरू,
शेंगदाणे, कांद्याची पात, वर तेलाची धार.
ती कळण्याची भाकरी थापत होती पाठ करून,
आणि पाठसुद्धा रागावलेली दिसत होती.
जेवताना बोलली नाही.
दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हाही नाही.

त्या रात्री डबा दिला होता सोबत.
गाडी खंडव्याच्या अलीकडे सात तास अडकली.
सकाळी डबा आला रिकामा, धुतलेला,
आत कागद, आणि अक्षर अनोळखी, गोल गोल:

'वहिनी, मी ड्रायव्हर. झोपेत होतो, वासानं उठलो.
पेरू आहे ना त्यात? माझा साहेबाशी पैजेचा प्रश्न आहे.'

खाली आमचं नेहमीचं, तिरपं:
'डबा मी एकट्याने खाल्लेला नाही. नोंद घ्यावी.
पेरू आहे हे मला माहीत नव्हतं.
वांगं बरं होतं.'

मी नोंद घेतली.
मग परसात गेले. पेरूवर राघू बसला होता,
एकाच फळाच्या एका बाजूनं खाऊन
मान वाकडी करून विचार करत.
त्याला हाकलला नाही. उरलेली बाजू तोडून आणली.
कढीत घालून बघू.