पुढील आदेशापर्यंत

फाटक नंबर अकरा आता नाही.
दिघोरीच्या पुढे, जिथे माझी खोली होती,
तिथे मुरमाचा ढीग आहे आणि एक पिवळं पोकलेन,
त्याच्या सावलीत दुपारी कुत्री झोपतात.
छोट्या लाईनचे रूळ उचलून नेले.
मोठी लाईन येणार म्हणे.
माझ्या हातात कागद:
केवळराम पराते, गेटमन, सरप्लस,
पुढील आदेशापर्यंत अजनी स्टोअरला हजर राहावे.

पुढील आदेश कोणाचा, कधी?
साहेबांना विचारलं तर ते चष्मा पुसत म्हणाले,
"आमचंच काय होते, ते कोणाले माहीत आहे बे."

सत्तावीस वर्षं
मी न दिसणाऱ्या गाडीसाठी रस्ता अडवला.
फोन वाजायचा. स्टेशनावरून आवाज एक नंबर सांगायचा,
मी माझा सांगायचो,
वहीत लिहायचो, वेळ टाकायचो,
आणि हँडल फिरवून फाटक पाडायचो.
मग दूधवाले, शाळेचा ऑटो,
कळमन्याच्या घाईतला संत्र्यांचा टेम्पो.
"काऊन बाप्पा, कुठी आहे तुही गाडी?"
रूळ रिकामा. उन्हात नुसता थरथरत असलेला.
मी म्हणायचो, येऊन राहिली.
कोणाच्या भरवशावर म्हणायचो?
दोन आकड्यांच्या.

एकदा मात्र उघडलं.
मे महिना, पाऊण तास झालेला, इंजिन तितूरला अडकलेलं,
आणि एक म्हातारा हातगाडीवर बायकोला घेऊन,
तिचे पाय गाडीबाहेर लोंबत होते.
मला राहवलं नाही. की म्हणा, माझा भरवसा संपला.
हातगाडी गेली. मागून सगळेच घुसले,
फाटक पुन्हा पडेपर्यंत माझ्या हातांना घाम सुटला.
तीन मिनिटांनी गाडी गेली.
कोणी मेलं नाही.
त्या तीन मिनिटांत रुळावर कोण उभं होतं, हात आडवे करून,
हे मी वहीत लिहिलं नाही.
वहीत तसा रकानाच नव्हता.

क्वार्टर सोडलं त्या दिवशी
सुभद्रेनं देव सगळ्यात आधी बांधले,
लोकमतच्या कागदात, पिठाच्या डब्यात.
मी म्हटलं, देवाले पहिले नोको बांधू.
ती म्हणाली, मंग मागून कोण आठवण ठेवन?
हुडकेश्वरच्या भाड्याच्या खोलीत महिना झाला,
डबा अजून उघडलेला नाही.
फळी ठोकायची तर घरमालक भिंतीला खिळा मारू देत नाही,
आणि दुसरं घर बघायचं की नाही,
तेही त्या कागदावरच अडलेलं.
ती डब्यासमोरच दिवा लावते.
"आत आहे न तो. तुले दिसालेच पाह्यजे का?"

रात्री कूलरचा पंप घरघरतो.
वीज गेली की एकदम सगळं गप्प,
आणि ताट्यांमधून पाणी तेवढं ठिबकत राहतं.
तीन चाळीसला मला आपोआप जाग येते.
पहाटेच्या गाडीची वेळ.
गाडी नाही, फाटक नाही, तरी कान उभे.
पूर्वी या वेळी मी तुला काही मागायचो नाही,
कामातच असायचो.
आता मागतो. पोरीची परीक्षा, माझी पोस्टिंग,
सुभद्रेचा गुडघा. क्रम बदलतो कधीकधी.
तू ऐकतोस का, ठाऊक नाही.
तू आहेस, एवढं मात्र अंगाला ठाऊक आहे,
रुळाला हात लावल्यावर गाडी कळायची, तसं.

काल स्टोअरमध्ये भंगाराची पोती आली.
कंदील, हिरवे-लाल झेंडे, आणि जुने फोन.
त्यात माझा होता.
काळी टेप मी गुंडाळलेली,
पोरीनं लहानपणी नेलपॉलिशनं काढलेला अकरा.
वायर तुटलेली, नुसते तांब्याचे केस.
आजूबाजूला कोणी नाही बघून
मी रिसीव्हर कानाला लावला.
काही ऐकू आलं नाही.
पण लगेच ठेवलाही नाही.

मग खिशातला तो कागद काढला,
मागच्या कोऱ्या बाजूला वेळ लिहिली, दोन चाळीस,
आणि पुढे
नंबराची जागा सोडली.