बोली

दर पाच मिनिटांनी विजेचा भाव बदलतो
आणि मी बोली लावते:
उद्या दुपारी चार, इतके मेगावॉट, इतक्या डॉलरला.
माझी दुसरी बोली मालवणी.
तिच्यात या नोकरीला नाव नाही.
आई फोनवर विचारते, तेव्हा सांगते:
बंदरावरचा लिलावच गो,
फक्त मासळी दिसत नाही
आणि बर्फात ठेवता येत नाही.

मनॅससमध्ये माझ्या घरामागे, कुंपणापलीकडे,
एक इमारत आहे, बिनखिडक्यांची. रात्रंदिवस घुमते.
शेजारच्या ओडेसा टॉलिव्हर म्हणतात,
"फ्रीज बिघडला समजून दोनदा उठले.
माझा फ्रीज बिचारा गप्प होता."

मे महिन्यात सुनावणी झाली, शाळेच्या जिममध्ये,
बास्केटबॉलच्या रेघांवर घडीच्या खुर्च्या मांडून.
वकील म्हणाला, मागणी वाढते आहे.
मागणी आली खरी,
मांडवाचा खर्च कोणाचा, ते ठरायचं होतं.
माणशी तीन मिनिटं.
ओडेसांनी एकच घेतलं.
बिल उलगडलं, तारांचा आकार मोठ्याने वाचला,
"ही तार माझ्या घरी येत नाही," म्हणाल्या
आणि बसल्या.

परतताना गाडीत मी त्यांना समजावलं:
नवा दर येतोय. तारेचे पैसे तेच भरतील,
भाव चढला की हात आखडता घेतील.
"भाव चढला की," त्या म्हणाल्या,
"मीही घेते."

काल तसं झालं.
जुलै, संध्याकाळचे सहा, पारा शंभरावर.
भाव चाळीसवरून अकराशेवर गेला,
आणि उतू जाणाऱ्या दुधाखालचा गॅस बारीक करावा
तसा कुंपणापलीकडचा आवाज खाली बसला.
मला आनंद झाला, कबूल करते.
ना बंदी, ना मोर्चा, ना कोणाचे हातपाय धरणं.
एक आकडा बोलला
आणि एवढ्या लोखंडाने ऐकलं.

बाहेर आले. किडे ऐकू येत होते,
कित्येक महिन्यांनी.
ओडेसा पायरीवर, पाय पाण्याच्या टबात,
बिलाच्याच पाकिटाने वारा घेत.
"गप्प झालं," म्हणाल्या.
"किती मिळाले त्याला, गप्प बसायचे?"

आकडा मला पाठ होता.
त्यांच्या खिडकीतला एसीसुद्धा
दुपारपासून गप्पच होता,
त्याचं कोणी काही देत नव्हतं.

मी आत जाऊन बर्फाचा ट्रे आणला
आणि त्यांच्या टबात उपडा केला.