पुलाच्या मधोमध

रात्री दोनला शिफ्ट संपली
की मी टॉर्च घेऊन बागेत उतरते.
बाग कसली, खराडीतल्या एका तळमजल्याच्या खिडकीखाली
बिल्डर फरशी घालायला विसरला तेवढी माती.
त्यात मेथी, पालक, एक हट्टी वांगं,
आणि हौसेखातर भुईमुगाची ओळ,
जी महिनाभर कोणीतरी उकरतंय.
बाकी सगळ्या पानांवर
चंदेरी सह्या करून गेलेल्या गोगलगायी.

मावा तसा सहज गेला.
लसूण-मिरची ठेचून, गाळून फवारली;
माव्याआधी शेजारचे खोकत बाहेर आले.
पिठ्या ढेकणासाठी निंबोळीचं तेल, रिठ्याचा फेस,
एकेक पान उलटं करून
तान्ह्याची मान पुसावी तसं पुसलं.
पण गोगलगाईला कशाचंच काही नाही.
राख पसरली, ती भिजून चिखल झाली.
गफूरभाईंच्या भुर्जीच्या गाडीवरून
पिशवीभर टरफलं आणून मेथीभोवती कडं केलं;
त्यावरून ती सावकाश गेली,
आमची मॅनेजर रजेच्या अर्जावरून जाते तशी.
मीठ टाक, सगळे म्हणाले.
एकदा टाकलं.
ते बघितल्यावर पुन्हा नाही.

आता हातानेच.
गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट
संध्याकाळी अंथरायचं, दोनला उचलायचं.
खाली सभा भरलेली असते.
काल एक्केचाळीस.
श्रीखंडाच्या डब्यात भरून, झाकणाला भोकं पाडून,
स्कूटर मुंढव्याच्या पुलावर घातली,
रोजच्यासारखी, पलीकडच्या काठाला सोडायला.

मधोमध दिव्याच्या झोतात एक गृहस्थ.
कानटोपी, लुंगी, हातात पिंजरा.
चोराला चोर भेटावा तसे थबकलो.
"तुमचं काय?"
"गोगलगायी. तुमचं?"
"उंदीर. दोन आहेत.
विष घालू देत नाही सूनबाई."
"राहता कुठे?"
"इथेच, मुंढव्यात. मी कोद्रे. महिना झाला,
तुमच्या बाजूला सोडून येतो."
मी भुईमुगाबद्दल काही बोलले नाही.
तेच म्हणाले, डब्याकडे बघत,
"हल्ली आमच्या जास्वंदीवर
ह्या फार झाल्यात हो."

खाली नदी दिसत नव्हती, नुसती जलपर्णी.
तिला कुठल्या पुलावरून कुठे नेऊन सोडायचं
हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.
पिंजऱ्यातला एक उंदीर शेपटी धुत बसला होता.

"भारद्वाज येतो का तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.
"येतो. सहाला. मी झोपलेली असते."
"तो खातो ह्यांना.
मग सहापर्यंत झाकण लावून ठेवा,
उघडा,
आणि घरात जा. बघत उभ्या राहू नका."

"आणि तुमचे?"
त्यांनी पिंजरा ह्या हातातून त्या हातात घेतला.
"सूनबाईला विचारतो," म्हणाले,
आणि कुठल्या बाजूला वळावं
ह्याचा बराच वेळ विचार करत उभे राहिले.