मध्यम हातांचा माणूस

मशिदीबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलंय:
फितरा, माणशी, गव्हाच्या भावाने, इतके रुपये.
शेवटचा आकडा कुणाच्या तरी खांद्याने पुसलाय.
ताहेर म्हणतो, मोबाइलवरून पाठवून टाक,
कौशात आता कोण तांदूळ मोजत बसतं?

पण आम्ही शाफई, कोकणातले.
चुलीवर जे शिजतं तेच आमच्याकडे निघतं.
आणि सासरे होते तोवर
या घरात वजनकाटा फितऱ्याला शिवला नाही.
चार ओंजळी, ते म्हणायचे,
मध्यम हातांच्या माणसाच्या. किताबात आहे.
मग आपलेच हात पुढे करायचे,
बाणकोटच्या खाडीत पडावाचे दोर ओढून ओढून
सुपाएवढे झालेले,
आणि गंभीरपणे सांगायचे,
मध्यमच आहेत.

यंदा सतराव्या रोज्याला
सहेरीनंतर चूळ भरता भरता गेले.
नळाखाली तांब्या भरून वाहत राहिला,
आणि पाणी टँकरचं, विकतचं,
म्हणून मी आधी नळ बंद केला.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

आज एकोणतिसावा.
आमच्या गॅलरीतून चाँद कधीच दिसत नाही,
मावळतीला डोंगर आडवा पडलाय.
आम्ही दुसऱ्यांच्या डोळ्यांवर ईद करतो.
जमिनीवर चादर पसरून
तुर्भ्याहून आणलेला कोलम ओतला
आणि पहिल्यांदा माझे हात घातले.
लहान आहेत. काट्यावर ताडून पाहिलं,
माझ्या पाच भरतात तेव्हा एक माणूस होतो.
धाकटी शेजारी बसून मोजत होती,
मधेच खडा सापडला की चुकत होती.

पिशवी घेऊन चार मजले चढले, लिफ्ट बंद.
रुकय्याने ब्लाउजांचा ढीग सरकवला,
हूक लावायची सुई पदराला टोचली,
तांदूळ परातीत घेतला
आणि काही न बोलता
ओंजळीने मोजायला लागली.
मला जरा लागलंच ते.
देणाऱ्याच्या समोर कुणी मोजतं का?

चोवीस, ती म्हणाली.
भाभी, हे सहा माणसांचं आहे.
तुम्ही आता पाच.

खाली कुठेतरी कुकरची शिटी झाली.
मी परातीकडे बघत राहिले.
तिने चार ओंजळी उचलून
वेगळ्या ताटलीत ठेवल्या.
मय्यतीचा फितरा नसतो, म्हणाली,
हे सदका म्हणून राहू दे. मिसळायचं नाही.

मग उरलेल्यातून
चार स्वतःच्या,
चार चार तिन्ही पोरांच्या,
एका जुन्या डब्यात भरायला लागली.
हे कुणाला? मी विचारलं.
टँकरवाल्या मुबारकच्या आईला.
माझाही निघतो ना, भाभी.
ईदच्या दिवसापुरतं घरात असलं
की निघतो.

इतकी वर्षं मी इथे येतेय.
पिशवी झटकून घडी घालून परत जाते,
जिन्यात हलकं हलकं वाटतं.
डबा कधी पाहिला नव्हता.

भोंगा खरखरला. आम्ही दोघी थांबलो.
भिवंडीहून खबर नाही, मुंबईहून नाही.
उद्या तिसावा. उद्याही उठायचं.
रुकय्याने डब्याचं झाकण दाबून बसवलं,
हाताला चिकटलेले दाणे परातीत झटकले.
मी तिचे तळवे बघितले:
ना मोठे, ना लहान,
बोटांना सुईची भोकं.

दर साली तुमच्याकडून जास्तच यायचं, ती म्हणाली.
मला वाटायचं,
बाईला मोजता येत नाही.