मन्याडवरचा तात्पुरता

कागदावर त्याला नाव नव्हतं.
'तात्पुरता पूल', आयुष्य अठरा महिने.
खरा पूल शेजारी व्हायचा होता,
हा नुसता त्याची क्रेन पलीकडे नेण्यापुरता.

काठाची माती काळी.
कापसाची आई, पुलाची सावत्र:
पाणी पिऊन फुगते, उन्हात हात जाईल एवढी फाटते.
ती खरवडून बाजूला सारली
आणि बारूळकडच्या माळावरनं तांबडा मुरूम आणला,
टिपरमागून टिपर.

माझं काम एवढंच:
दाबलेल्या थरात वीतभर खड्डा खोदायचा,
निघालेली माती तोलायची,
बारीक वाळू सोडून खड्ड्याचं पोट मोजायचं.
सत्त्याण्णव टक्के आलं तर पुढचा थर.
पंच्याण्णव आलं की खाजामियाँ रोलर मागे घ्यायचे,
सुपारी या गालातून त्या गालात सारत,
माझ्याकडे न बघता.

दर दोन थरांमागे जाळी.
काळी, प्लास्टिकची, बाजेसारख्या चौकड्यांची.
ताणून खुंट्या मारायच्या, वर मुरूम,
आणि उताराच्या तोंडाशी
उशीच्या अभ्र्यासारखी परत आत दुमडायची.

गयाबाई शेळ्या थांबवून बघत राहायच्या.
"काय करलालाव ओ? मातीत मासे धरायचेत का?"
मी सांगू लागलो, माती दाबाला खंबीर असते,
ओढीला लेचीपेची, म्हणून...
"मंग गंजी रचलालाव म्हणा की.
कणीस आत, बुडखा भायेर,
एक थर असा, एक तसा.
नीट रचली तर वाऱ्याला पडत नाही."
अंबुलगेकर मॅडमनी वहीतून मान वर केली,
आणि काहीतरी खोडलं की लिहिलं, दिसलं नाही.

चोवीस थर. बारा जाळ्या. सहा मीटर.
चढताना गुडघा छातीला लागायचा.
माथ्यावर काँक्रीटची बैठक, तिच्यावर लोखंडी गर्डर.

क्रेन पहिल्यांदा गेली
तेव्हा मॅडम उताराच्या पायथ्याशी जाऊन उभ्या राहिल्या.
"हिशेब माझा आहे," एवढंच.
साठ टनांखाली गर्डर कण्हले.
माथा अकरा मिलिमीटर बसला.
माझ्या करंगळीचं नख.
मग थांबला.
खाजामियाँनी सुपारी थुंकली:
"बैठा. अब नै हिलता."

दोन पूर आले. पाणी तिसऱ्या जाळीला लागून उतरलं.
चौकड्यांतून हराळी उगवली,
सायकली जाऊ लागल्या, बाजाराच्या दिवशी टमटमही,
आणि पाटीवरचा 'तात्पुरता' हा शब्द
उन्हानं उडाला, तो कुणी पुन्हा रंगवला नाही.

खऱ्या पुलाची फीत कापली त्याच्या दुसऱ्या सोमवारी पत्र आलं:
नदीपात्र पूर्ववत करावे.

पोकलेनचे दात जाळीत अडकले.
ओढलं तर अख्खा थर ओढीला लागायचा,
सुटायला तयार नाही.
शेवटी आम्ही विळ्यांनी कापत गेलो, वरून खाली,
जसं रचलं त्याच्या उलट.

सातव्या थराशी मी सवयीनं खड्डा खोदला.
वाळू सोडली, तोललं.
अठ्ठ्याण्णव.
लिहायला रकाना नव्हता.

गयाबाई आल्या. जाळीचे तुकडे मागितले.
मॅडम म्हणाल्या, न्या.

परवा त्या बाजूनं गेलो.
त्यांच्या कडब्याच्या गंजीवर
ती काळी जाळी ताणून बांधलेली,
चारी कोपऱ्यांना आमच्याच खुंट्या.
वारं सुटलं होतं.
मी एक खुंटी हलवून पाहिली.